देवाबद्दल वाचताना पोथी कशी वाचायची आणि इतिहास कसा, नाशिककरांसाठी

सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला की आपल्याकडे फॅमिली ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एकात सगळं "शास्त्रात सांगितलंय" असतं, दुसऱ्यात "हे सगळं नंतर घुसडलंय, इतिहासकारांनी सिद्ध केलंय" असतं, आणि शास्त्र कुठलं न इतिहासकार कोण हे विचारलं की दोन्हीकडून एकच उत्तर, "स्वतः वाचा ना." ठीके, वाचू. पण वाचायचं कसं हे कोणी सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

आधी प्रश्न सुटा करून घ्या. "राम पंचवटीत राहिला होता का" या एका वाक्यात निदान तीन प्रश्न गुंतलेत. वाल्मीकी रामायणात पंचवटीबद्दल काय लिहिलंय, हा पोथीचा प्रश्न, त्याला अरण्यकांड उघडायचं, अगस्त्य ऋषी रामाला सांगतात की इथून दोन योजनांवर पंचवटी आहे, गोदावरी जवळ आहे, झालं उत्तर. आपली गोदाकाठची पंचवटी म्हणजे तीच, असं लोक कधीपासून मानतात, हा इतिहासाचा प्रश्न, त्याला पोथी पुरत नाही, दगडावर कोरलेले लेख, नाणी, उत्खनन, जुनी कागदपत्रं बघावी लागतात. आणि रामकुंडावर उभं राहिल्यावर तुम्हाला काय वाटतं हा तुमचा प्रश्न, त्यात इतर कोणी पडू नये. ग्रुपवरची निम्मी भांडणं यामुळे होतात की एकजण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतोय आणि दुसरा दुसऱ्याचं, आणि दोघांनाही वाटतंय समोरचा मूर्ख आहे.

मग पोथी. "पुराणात आहे" हे उत्तर घ्यायचंच नाही. कुठलं पुराण, कुठला अध्याय, एवढं विचारा, अगदी गोड आवाजात विचारा, पण विचारा. कुंभाचंच घ्या. समुद्रमंथनाची कथा महाभारतात आहे, विष्णुपुराणात आहे, भागवतात आहे. पण अमृताचे थेंब हरिद्वार, प्रयाग, उज्जैन आणि नाशिक असे चार ठिकाणी सांडले, हा भाग त्या कथांमध्ये शोधायला गेलात तर सापडत नाही. म्हणजे मेळा खोटा झाला का? अजिबात नाही, गुरू सिंह राशीत आला की गोदावरीत स्नान ही परंपरा स्वतःच्या पायावर उभी आहे, फक्त थेंबांची गोष्ट तिला कुठून आणि कधी येऊन चिकटली हा वेगळा शोध आहे. तसंच लक्ष्मणरेषेचं. पंचवटीत पाहुणे आले की सीतागुंफेच्या रांगेत उभं राहून आपण त्यांना ही गोष्ट सांगतोच, पण वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मण अशी रेषा ओढतच नाही, ती नंतरच्या रामकथांमधून आली.

इथे एक गोष्ट माहीत पाहिजे, ती म्हणजे चिकित्सक आवृत्ती. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताचं काम सुरू केलं, ते १९६६ ला संपलं, काश्मीरपासून केरळपर्यंतची १२५९ हस्तलिखितं ताडून बघितली. जे श्लोक सगळीकडच्या जुन्या प्रतींमध्ये सापडतात ते मुख्य मजकुरात ठेवले आणि बाकीचे तळटीपेत किंवा परिशिष्टात. रामायणाचं असंच काम बडोद्याला झालं. आता व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय हा प्रसंग भांडारकर संस्थेच्या आवृत्तीत परिशिष्टात गेलाय. हे कळल्यावर लोक दोन टोकांना जातात, काही म्हणतात बघा संस्थेने आमचा गणपती काढून टाकला, काही म्हणतात बघा सगळं थापा. परिशिष्टात गेला याचा अर्थ एवढाच की हा प्रसंग सगळ्या जुन्या प्रतींमध्ये नाही, म्हणून तो नंतर आला असावा. जो प्रसंग शेकडो वर्षं लोकांनी ऐकला, कोरला, रंगवला तो परंपरेचाच भाग आहे, फक्त तो किती जुना या रकान्यात आकडा बदलतो.

बरं, आता घराबाहेर पडा. नाशिकमध्ये राहून हा विषय नुसत्या मोबाईलवर वाचणं म्हणजे कमालच आहे, पांडवलेणी मुंबई-आग्रा हायवेला लागून आहेत. नाव पांडवांचं, पण लेणी बौद्ध, त्रिरश्मी डोंगरावरची २४. पायऱ्या चढून तिसऱ्या नंबरच्या लेण्यात जा. व्हरांड्याच्या भिंतीवर ब्राह्मी या जुन्या लिपीतला मोठा लेख आहे, अक्षरं वर आहेत आणि झिजलीत, नुसतं बघून काही कळत नाही, म्हणून वाचन आधी सोबत घेऊन जा, इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी सातवाहन या जुन्या राजघराण्याच्या कोरीव लेखांवर मराठीतच मोठं काम करून ठेवलंय, सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. लेख आहे गौतमी बलश्री या राजमातेचा, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षातला, म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. लेणं बौद्ध भिक्षूंना दान दिलंय, आणि त्यात ती आपल्या गेलेल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन करताना म्हणते की त्याचा पराक्रम राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्यासारखा होता.

इथे थांबा, कारण फोटो काढून "नाशिकमध्ये १८०० वर्षांपूर्वी रामाचा पुरावा" असं टाकायची भयंकर इच्छा होते. अभ्यासक या ठिकाणच्या रामाला बलराम समजतात, कारण तो केशवाच्या जोडीला आलाय आणि त्या काळात बलराम-कृष्ण ही जोडी फार चालायची. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणीच्या लेखात सुरुवातीलाच संकर्षण आणि वासुदेवाला नमस्कार आहे, म्हणजे बलराम आणि कृष्ण. पण गंमत अशी की बलश्रीच्या त्याच लेखात थोडं पुढे नहुष, जनमेजय, सगर, ययाती अशा जुन्या राजांची रांग आहे आणि तिथे राम परत येतो. हा दुसरा राम राजांमध्ये बसलाय, त्यामुळे तो दाशरथी राम, म्हणजे रामायणातला, असणं सरळ वाटतं. आता यावरून काय म्हणता येतं? की त्या काळच्या नाशकात या वीरांची आणि राजांची नावं माहीत होती आणि बौद्ध संघाला दिलेल्या दानाच्या लेखातसुद्धा ती मानाने घेतली जायची. काय म्हणता येत नाही? की तेव्हा पंचवटीत रामाचं देऊळ होतं. आणि नव्हतं असंही म्हणता येत नाही, लेख त्याबद्दल गप्प आहे. माझ्या मते इतिहास वाचायला शिकणं म्हणजे मुख्यतः हेच, पुरावा जिथे गप्प बसतो तिथे आपणही गप्प बसायचं, आणि हे दोन्ही पार्ट्यांना जाम जड जातं.

आलाच आहात तर दहा नंबरचं लेणंही बघा, क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. देवांना आणि ब्राह्मणांना १६ गावं दिली, तीन लाख गायी दिल्या, अशी यादी देऊन मग हे लेणं भिक्षूंना दिल्याचं सांगतो. हिंदू कुठे संपतं न बौद्ध कुठे सुरू होतं अशी आजची रेघ घेऊन त्या माणसाकडे गेलात तर तो तुमच्याकडे बघत राहील.

स्थळपुराण, म्हणजे एखाद्या जागेची तिथे सांगितली जाणारी कथा, ते वाचायची रीत अजून वेगळी. रामकुंडाशेजारी कपालेश्वर आहे, महादेवाच्या समोर नंदी नाही, हे नाशिकच्या पोरासोरांना पण माहितीये. कथा अशी की महादेवाला ब्रह्महत्येचं पाप लागलं, ते कसं फेडायचं हे नंदीने दाखवलं, म्हणून महादेवाने त्याला गुरू मानलं आणि गुरूने समोर बसू नये म्हणून नंदी नाही. अशा कथेला "हे घडलं का" विचारून काही मिळत नाही, ना भक्ताला ना इतिहासकाराला. तिला विचारायचं की तू कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहेस? समोर नंदी का नाही, याचं. आणि अजून काय करतेस? रामाच्या क्षेत्रात महादेवाला गोदास्नानाला आणून बसवतेस.

आता देवळांच्या तारखा, यात तर फार गोंधळ. देऊळ, जागा आणि देव, तिघांचं वय वेगवेगळं धरा. आजचं काळाराम मंदिर सरदार ओढेकरांनी १८ व्या शतकाच्या अखेरीस बांधलं, त्र्यंबकेश्वरचं आत्ताचं देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळात सुरू झालं. म्हणून त्र्यंबकला आधी काही नव्हतं असं कोणी म्हणालं तर ते चूक, आणि "मंदिर हजारो वर्षांपूर्वीचं" हेही चूक, हजारो वर्षं बोलायचं तर क्षेत्राबद्दल बोला, इमारतीबद्दल नको. आणि देवाचा इतिहास बांधकामावर संपत नाही. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, आणि तो पुढे काही वर्षं चालला. पोथीत रामाने शबरीची बोरं खाल्ली की नाही यावर तासभर बोलणाऱ्या माणसाला त्याच रामाच्या दारात कोणाला अडवलं होतं हे माहीत नसेल तर त्याचं वाचन अर्धवट आहे, असं मला तरी वाटतं. तशी बोरं उष्टी असल्याचं वाल्मीकींनी लिहिलेलं नाही, ते जाता जाता सांगतो.

इतिहासकारांवर पण आंधळा विश्वास नको. "गणपती मुळात विघ्नं आणणारा होता" हा एक फेमस मेसेज. याच्या मागे खरंच काहीतरी आहे, मानवगृह्यसूत्र या घरगुती विधींच्या जुन्या ग्रंथात माणसाला पछाडणारे विनायक येतात, आणि "गणानां त्वा गणपतिं" ही ऋग्वेदातली ऋचा ब्रह्मणस्पती या वैदिक देवाला उद्देशून आहे, हत्तीचं तोंड तिथे नाही. गजमुख गणपतीच्या ठळक मूर्ती गुप्तकाळाच्या आसपासपासून दिसायला लागतात. पण ते विनायक ते आपला गणपती हा जो पूल आहे तो अभ्यासकांनी तर्काने बांधलाय, चांगला तर्क आहे, पण तर्कच. म्हणून कुठल्याही विद्वानाचं वाचताना पुरावा काय आणि त्याने जोडलेलं काय हे पेन्सिलने वेगळं करा. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरेंनी विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं, ते वाचावंच, पण ते वाचून आषाढीला निघालेला वारकरी माघारी फिरत नाही आणि ढेऱ्यांचा तसा हेतूही नव्हता. मूळ कुठलं हे कळलं म्हणजे आज तो देव लोकांना काय आहे हे कळलं असं होत नाही.

घरात बोलताना मात्र जरा तारतम्य. आजी सप्तशृंगीला अर्धं पीठ म्हणते, साडेतीन पीठांतलं, तेव्हा तिला ५१ शक्तिपीठांची यादी वाचून दाखवू नका. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि वणी हा महाराष्ट्राचा स्वतःचा हिशोब आहे आणि तो ५१ च्या हिशोबाशी जुळलाच पाहिजे असं काही नाही. उलट आजीला विचारा की हे तिला कोणी सांगितलं, कुठली आरती, कुठलं गाणं, गडावर घरातून कोण कधी जायचं. ते लिहून ठेवा, तारखेसकट, कारण तोंडी परंपरेचा तो एकमेव पुरावा तुमच्याच घरात आहे आणि तो कुठल्याच वाचनालयात मिळणार नाही.

शेवटची एक प्रॅक्टिस करा. तेलंगणात भद्राचलमजवळ पर्णशाला आहे, तिकडचे लोक म्हणतात खरी पंचवटी तीच, तीही गोदावरीच्याच काठी. तिकडचा ऑफिसमधला कोणी हे बोलला तर चिडू नका, कागद घ्या, दोन रकाने करा. नाशिकच्या रकान्यात काय काय येतं ते लिहा: अरण्यकांडातलं वर्णन, स्थळपुराणं, देवळं, १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी गोदाकाठच्या जुन्या गढीवर केलेलं उत्खनन. त्या उत्खननाने इथली वस्ती ताम्रपाषाण काळापर्यंत (तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरायचे तो काळ) मागे जाते हे दाखवलं, रामाबद्दल ते काही सांगत नाही, म्हणून ते वस्तीच्या ओळीत लिहायचं, रामाच्या नाही. मग दुसरा रकाना त्या माणसाला भरायला द्या, आणि अरण्यकांडाची ओळ त्यानेही लिहिली तर खोडू नका, ती दोघांचीही आहे.