ड्रेस्डेनच्या बाजारातली भेटवस्तूंची खरेदी डिसेंबरमध्येच उरका

जर्मनीत मास्टर्सला आलेल्या बहुतेकांचं घरी जायचं पहिलं तिकीट फेब्रुवारीअखेरचं किंवा मार्चचं असतं. त्यामुळे डिसेंबरमध्ये ख्रिसमस मार्केटला आपण नुसते हिंडतो, फोटो काढतो आणि खरेदी 'जायच्या आधी बघू' म्हणून ढकलतो. असं अजिबात करू नका. ड्रेस्डेनचा स्ट्रीट्सेलमार्क्ट, म्हणजे इथलं मुख्य ख्रिसमस मार्केट, १४३४ पासूनचा, पण २४ डिसेंबरच्या दुपारी तो आवरतो. फेब्रुवारीत आल्टमार्क्टच्या चौकात त्यातली एकही टपरी नसते.

हे मी पुन्हापुन्हा सांगणार आहे, कारण माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला याचीच सगळ्यात जास्त रुखरुख लागली. फेब्रुवारीत परीक्षा असतात. उन्हाळी सेमिस्टरची फी भरायची मुदत त्याच सुमारास येते. तिकिटाचे पैसे गेलेले असतात. फ्राउएनकिर्शे या चर्चच्या आसपास लाकडी वस्तूंची वर्षभर चालणारी दुकानं आहेत, नाही असं नाही. पण पेपर संपवून, बॅग भरायच्या आदल्या संध्याकाळी तिथे शिरलं की हाताला लागेल ते उचललं जातं. आजीसाठी काय, धाकट्या भावासाठी काय, हा विचार करायला डोकंच शिल्लक नसतं. म्हणून डिसेंबरचा पहिला आठवडा, कामाचा दिवस, सकाळी टपऱ्या उघडल्या उघडल्या. शनिवारी संध्याकाळी गर्दीच इतकी, की माल धड बघताही येत नाही.

पैशांचं टेन्शन घेऊ नका. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) महिन्याला येणाऱ्या ९९२ युरोंतही हे बसतं, फक्त वस्तू छोट्या घ्या. घासाघीस इथे चालत नाही, रोख जवळ ठेवा.

माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे झाइफेनचे लाकडी प्राणी. झाइफेन हे एर्त्सगेबिर्गे डोंगरातलं गाव. तिथल्या खाणी थकल्या तशी माणसं लाकूडकामाकडे वळली. कारागीर ओल्या लाकडाची गोल चकती लेथवर फिरवत तिच्यावर बाहेरून-आतून खाचा पाडत जातो. बघताना काहीच कळत नाही. मग ती चकती केकसारखी कापली की प्रत्येक तुकड्यात गाईचा किंवा घोड्याचा आकार निघतो. त्यानंतर पाय-कान कोरून रंगवतात. सावंतवाडीची खेळणी बघत वाढलेल्या घरात या गाईची किंमत लगेच कळते. तसेच दिसणारे स्वस्त, बाहेरून आलेले नगही बाजारात असतात, म्हणून 'एश्ट एर्त्सगेबिर्गे' (अस्सल एर्त्सगेबिर्गेचं) ही खूण बघा आणि विक्रेत्याला कुठे बनलं ते सरळ विचारा. खरा कारागीर खुशीत येऊन सांगतो.

हेर्नहूट गावचा, आत दिवा लावायचा तारा घ्याच. पूर्ण ताऱ्याला २५ टोकं, १७ चौकोनी आणि ८ त्रिकोणी. दिवाळीत आकाशकंदिलाच्या शेजारी टांगता येतो. कागदाचा मोठा तारा सुटा मिळतो, तो घरी जोडायचा, त्यामुळे बॅगेत जागा खात नाही. छोटा प्लास्टिकचा दिव्यासकट येतो, पण अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो का ते विचारा. व्होल्टेजची काळजी नको, तिकडेही २३० आणि आपल्याकडेही २३०.

मेणबत्त्यांच्या उष्णतेवर फिरणारा पिरॅमिड मात्र नेऊ नका. टपरीत तो सुंदर फिरतो. आपल्या घरात वर पंखा चालू असतो, ज्योत हलत राहते आणि पातं जागचं हलत नाही. त्यापेक्षा आई-मावशीसाठी प्लाउएन शहराची लेस घ्या. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ग्रां प्री मिळालेली, वजनाला काहीच नाही, मोडायचा प्रश्न नाही.

श्टोलनबद्दल, म्हणजे ख्रिसमसच्या सुक्यामेव्याच्या केकबद्दल, एकच. मनुका बहुधा रममध्ये भिजवलेल्या असतात. उपासतापास करणाऱ्या आजीच्या हातात तुकडा देण्याआधी डब्यावरची यादी वाचा. तारीखही बघा, कारण तुम्ही तो मार्चमध्ये उघडणार आहात.

सीनियर सांगतील, 'सुपरमार्केटची चॉकलेटं दोन किलो घे, विषय संपला.' ऑफिसातल्या लोकांसाठी ठीक आहे. पण ज्यांनी तुमच्या कर्जाच्या कागदांवर सही केली त्यांच्यासाठी हा शॉर्टकट मला पटत नाही. खरेदीला त्या सीनियरपेक्षा वसतिगृहातल्या एखाद्या जर्मन शेजाऱ्याला सोबत न्या. कुठल्या टपरीत माल स्वतः बनवलेला आहे, हे त्याला बऱ्याचदा माहीत असतं, आणि तुमचं जर्मन अडखळलं तर तो सावरून घेतो.

खोलीवर आणलेले प्राणी मोज्यांत गुंडाळून खोक्यात ठेवा, वरती कुणाचं काय ते लिहा आणि खोका कपाटात टाका. निघताना तो केबिन बॅगेत घ्या. चेक-इनला दिलेल्या बॅगेत बारीक पाय मोडतात.