बाळदम्याचा रोजचा पंप: या चुका टाळा

गोव्यात जूनचा पाऊस लागला की भिंतींना ओल येते, कपाटात बुरशीचा वास सुटतो, शाळेतून सर्दी घरी येते आणि बाळदमा असलेल्या मुलांची छाती पुन्हा घरघरू लागते. मग पंपाची (इनहेलरची) शोधाशोध सुरू होते. मुळात चूक होते ती इथेच. प्रतिबंधक पंप मूल ठणठणीत असतानाही रोज घ्यायचा असतो. त्यातलं बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड श्वासनळ्यांची आतली सूज हळूहळू उतरवतं. फरक जाणवायलाच एक-दोन आठवडे लागतात. धाप लागल्यावर कामाचा पंप वेगळा, सालब्युटामॉलचा, बहुधा निळा. दोन्हींवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा: ‘रोज’ आणि ‘धाप लागल्यास’. मुलाजवळ आजी एकटीच असेल तेव्हा ही दोन लेबलं फार उपयोगी पडतात.

‘खोकला थांबला, आता कशाला?’ म्हणून पंप बंद करणारी घरं पुष्कळ. खोकला थांबला तो पंपामुळेच. पंपाची सवय लागते ही भीतीही खरी नाही.

स्टेरॉइडची भीती मात्र समजण्यासारखी आहे, म्हणून आकडेच बघा. पंपातून दिवसाला साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध जातं. अटॅक आला की १५ किलोच्या मुलाला तोंडावाटे एका दिवसात १५ मिलिग्रॅमच्या आसपास स्टेरॉइड द्यावं लागतं, म्हणजे १५,००० मायक्रोग्रॅम. रोजच्या पंपाने उंचीत एखाद्या सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, हे लपवायचं कारण नाही. पण वारंवार येणारे अटॅक मुलाचा श्वास, झोप, खेळ, शाळा सगळंच हिरावून घेतात, कधी जिवावरही बेततात.

पंप रोज देऊनही फरक पडत नसेल, तर आधी तो कसा दिला जातो ते पाहा. पंप हलवला का? लहान मुलाचा मास्क नाकातोंडावर घट्ट बसला होता का? रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फारसं पोचत नाही, बरंचसं घशात अडकतं किंवा पोटात जातं; आधी त्याला शांत करा. स्पेसरमध्ये (पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यात) एका वेळी एकच दाब द्या, पाच-सहा संथ श्वास घेऊ द्या, अर्धा मिनिट थांबा, मगच दुसरा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटतं.

दुसरी फसगत रिकाम्या पंपाची. २०० मात्रांचा पंप दिवसाला दोन दाबांनी १०० दिवस पुरतो. १ जूनला उघडलेला पंप चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास संपतो, पण फुस्स आवाज पुढेही येत राहतो! उरलेल्या मात्रांचा आकडा पंपावर दिसत नसेल तर संपायची तारीख पंपावरच लिहा.

चवथीला तर सगळंच विस्कटतं. अख्खं कुटुंब गावच्या घरी, पंप पणजीच्या फ्लॅटमध्ये, वर धूप, अगरबत्ती आणि फटाक्यांचा धूर. माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान बांधण्याआधी दोन्ही पंप आणि स्पेसर पिशवीत टाका. दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीही हेच.

रोजची आठवण मुलावर सोपवू नका, दहा-बारा वर्षांच्यासुद्धा. पंप ब्रशशेजारी ठेवा: आधी पंप, मग दात. चूळ आपोआप भरली जाते आणि तोंडात पांढरी बुरशी धरत नाही. एखादा डोस चुकला तर रागावू नका. रागावलं की मूल ‘घेतला’ म्हणून खोटं सांगायला शिकतं.

निळा पंप आठवड्यात दोनदांहून जास्त लागत असेल तर डॉक्टरांना भेटा. तो देऊनही बरगड्या आत ओढल्या जात असतील, बोलताना दम तुटत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच १०८ लावा. आणि मूल तीन-एक महिने अगदी बरं राहिलं तर रोजची मात्रा कमी करण्याचं डॉक्टरांशी बोलता येतं, शक्यतो ऐन पावसाळ्यात नव्हे.