म्यूजेनिक्स: दणकट पिल्लं हवीत तर आधी खोली लावा

ठाण्यात तलावपाळीला जमणाऱ्या आमच्या गेमवेड्या मंडळींत ‘म्यूजेनिक्स’ या मांजरांची पैदास करायच्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की हमखास एक प्रश्न येतो: आईबाप दोघंही तगडे, मग पिल्लं मरतुकडी का? बहुतेक वेळा उत्तर फर्निचरमध्ये सापडतं.

फर्निचरमुळे वाढणारा खोलीचा ‘स्टिम्युलेशन’ हा आकडा बघा. समजा, आईची स्ट्रेंग्थ 7 आणि बापाची 4 आहे. स्टिम्युलेशन जितकं जास्त, तितकी पिल्लाला 7 मिळण्याची शक्यता जास्त. म्हणून पैसे हातात आले की दिसायला छान वस्तू नंतर, आधी हा आकडा वाढवणाऱ्या घ्या. सगळ्या एकाच खोलीत मांडा आणि निवडक जोडी तिथेच ठेवा. जोडी ठरवताना सातही स्टॅट (स्ट्रेंग्थ, लक असे मांजराच्या गुणांचे आकडे) शेजारी शेजारी ताडून पाहा. एकाची लक पडकी असेल तर दुसऱ्याची भक्कम हवी. मांजराने लढाईच्या मोहिमेत कमावलेली वाढ धरू नका, पिल्लात उतरतात ते मूळ आकडे.

गर्दी टाळा. गर्दीने खोलीचा ‘कम्फर्ट’, म्हणजे आरामाचा आकडा, घसरला की मांजरं जुळायच्या ऐवजी एकमेकांना ओरबाडतात.

आणि कृपा करून भाऊबहीण एका खोलीत ठेवू नका! नात्यातल्या जोड्यांतून जन्मजात दोष येतात आणि ते पुढच्या पिढ्यांतही उतरू शकतात. दारात येणारं भटकं मांजर सामान्य वाटलं, तरी त्याचा एखादा स्टॅट 7 असेल तर ठेवून घ्या. नवं रक्त तिथूनच मिळतं.