जुनी चेनसॉ: दोरी ओढण्याआधी सायलेन्सर काढा

अडगळीत पडलेली चेनसॉ (इंजिनवर चालणारी साखळीची करवत) हाती आली की आधी दोरी ओढून बघायचा मोह होतो. तो आवरा. सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढा, स्पार्क प्लगची वायर सोडवा आणि दोरी हळूच ओढत, टॉर्च मारून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन बघा. बाजू गुळगुळीत, रिंग मोकळी असेल तर मशीनवर खर्च करायला हरकत नाही. उभे खोल ओरखडे दिसले तर मशीन बहुधा तेलाविना किंवा पेट्रोल कमी-हवा जास्त अशा मिश्रणावर चाललेलं आहे.

अशा वेळी नुसता नवा पिस्टन टाकून भागत नाही. मूळ कारण तसंच राहिलं तर तोही जाईल. टाकीतली रबरी नळी वाकवून बघा, भेगा दिसल्या की बदला. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी बूट, क्रँकची (इंजिनच्या फिरत्या दांड्याची) सील हेही तपासा. तिथून हवा आत शिरते. कार्बोरेटरचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) कागदासारखा कडकडीत झाला असेल तर दुरुस्तीचं किट घ्या, साफसफाईत वेळ घालवू नका.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. काम झालं की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-स्ट्रोक तेलाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत बघा; ५०:१ असेल तर लिटरभर पेट्रोलला २० मिली तेल. अंदाजाने बाटलीतून ओतू नका, मापाचं भांडं ठेवा.