सुरीला प्राचीन हस्तिदंताची मूठ बसवायची म्हणताय?

वागळे इस्टेटमधल्या मित्राच्या गाळ्यात सुऱ्या बनवायला लागून मला चार वर्षं झाली. पातं घडवायचं कसं, यावर फार लिहीत नाही. गाडीच्या कमानपाट्याच्या पोलादाला चुंबक चिकटेनासा झाला की अजून जरासं तापवून कोमट तेलात बुडवायचं, मग दोन-दोन तास दोनदा 200 अंशांवर ठेवायचं. दोन दिवसांच्या महागड्या कार्यशाळांना पैसे देऊ नका. विळे-कोयते बनवणाऱ्या लोहाराजवळ महिनाभर बसा. पात्याला पाणी देताना रंग कसा ओळखायचा हे तिथेच कळतं.

मी फसणार होतो तो मुठीपायी. वाशीच्या एका गिऱ्हाइकाला मॅमथच्या, म्हणजे हत्तीच्या प्राचीन केसाळ भाईबंदाच्या, सुळ्याची मूठ हवी होती. सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून निघणारा, दहा हजार वर्षांहून जुना सुळा. परदेशी कारागिरांचं काम बघून मलाही भुरळ पडली होती. प्राणी कधीच नामशेष झालाय, वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स करारात त्याचं नाव नाही, मग अडचण कसली? मी पंधरा हजार आगाऊ घेतले.

माल मागवायच्या आदल्या दिवशी मित्राच्या वकील मेहुण्यांनी विचारलं, "2003 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचलास का?" नव्हता वाचला.

तुम्ही नक्की वाचा: बलराम कुमावत विरुद्ध भारत सरकार. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 1991 च्या दुरुस्तीने आयात हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. मॅमथ हत्ती नव्हे, असं व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं. कोर्टाने ते मानलं नाही. बंदीतल्या 'हस्तिदंत' शब्दात मॅमथचा सुळाही येतो. म्हणजे परदेशात तो उघड विकला जात असो, पक्कं बिल असो, इथे त्याचा धंदा करता येत नाही. विकणारा "काही होत नाही" म्हणेल. ऐकू नका. अडकाल तुम्ही.

मला ही बंदी पटते. सुळा आडवा कापला की एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. मॅमथच्या रेषांचा कोन 90 अंशांच्या आत असतो, हत्तीच्या सुळ्याच्या बाहेरच्या भागात 115 च्या वर. पण मुठीच्या पातळ फळ्या उभ्या कापलेल्या. त्यात हा कोन बघायचा कुठे? मॅमथच्या नावाखाली आजच्या हत्तीचा सुळा सहज खपेल.

आगाऊ रक्कम परत केली. निम्मी ग्राइंडरच्या पट्ट्यांवर खर्च झाली होती, ती बायकोकडून घेतली. फार लाज वाटली. तुमच्यावरही अशी वेळ आली तर खचू नका, गिऱ्हाइकाला खरं सांगा. माझं गिऱ्हाईक आठवडाभर बोललं नाही, मग उंटाच्या हाडाला तयार झालं.

हाड घासताना तोंडाला चांगला मास्क हवाच, भूकटी छातीत जाते. ग्राइंडरवर दाबू नका. जळक्या केसांसारखा वास आला की हात उचला, नाहीतर तडा जातो. माझ्या पहिल्या दोन फळ्या अशाच गेल्या. शेवटचं घासकाम मी हातानेच केलं, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने. ऑगस्टमध्ये गिऱ्हाइकाने सुरी दाखवायला आणली, तेव्हा हाड आणि पोलादाच्या सांध्यावरून नख फिरवून पाहिलं. कुठे अडकलं नाही.