आधी पट्टा काढा: जुन्या गाडीतलं पुलीचं बेअरिंग कसं ओळखायचं आणि कसं बदलायचं

लाखभर किलोमीटर झालेली गाडी सकाळी पहिल्या स्टार्टला बोनेटखालून खरखरायला लागली की पार्किंगमधला प्रत्येक जण मेकॅनिक होतो. कुणी पट्ट्यावर साबण घासायला सांगतं, कुणी गंज सोडवायचा स्प्रे पुलीवर मारायला सांगतं. दोन्ही करू नका. साबणाने पट्टा घसरतो. स्प्रे सीलच्या फटीतून आत गेला की उरलंसुरलं ग्रीस पातळ करतो. बेअरिंग दोन दिवस गप्प बसतं आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट ओरडतं.

माझ्या डिझेल गाडीचं मीटर आता २ लाख १० हजारांवर आहे आणि पुल्यांचं काम मी तीनदा घरीच केलंय. त्याआधी, अगदी पहिल्यांदा, मी फसले होते. ते पुढे सांगते.

इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, पुलीवरून निघणारा रेघारेघांचा पट्टा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप फिरवतो. त्याला ताण देणारा टेन्शनर आणि वळण देणारी आयडलर पुली हे दोघे दुसरं काहीच काम करत नाहीत, नुसते फिरतात, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. पण क्रँकची पुली १४ सेंटिमीटरची आणि आयडलर ७ सेंटिमीटरची असेल, तर इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेतं तेव्हा आयडलर ६००० घेत असते. तिच्यातलं बेअरिंग, म्हणजे दोन कड्यांमध्ये गोळ्या बसवलेला फिरता भाग, कारखान्यातून सीलबंद येतं, त्याला वरून ग्रीस देता येत नाही. ग्रीस संपलं की बेअरिंग संपलं.

पूर्वतयारी: इंजिन थंड, किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी. पट्ट्याचा मार्ग मोबाइलवर टिपून घ्या. तोच पट्टा परत घालणार असाल तर त्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण काढा.

पट्टा काढण्याआधी एकच चाचणी, तेवढ्यापुरती तार परत जोडून. इंजिन चालू ठेवून पट्ट्याच्या रेघांच्या बाजूवर बाटलीने थोडं पाणी मारा. हात लांब ठेवा, ओढणी आणि केस बांधा. चिवचिव क्षणभर थांबली तर पुल्या एका रेषेत नाहीत. किंकाळी वाढली तर पट्टा सैल आहे किंवा झिजलाय. खरखरीत काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगचा संशय घ्या. मग इंजिन बंद करा, तार पुन्हा सोडवा, टेन्शनरला पाना लावून ताण सोडा आणि पट्टा उतरवा. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो, ताणून बसवायचा पट्टा असतो. तो कापूनच काढायचा आणि नवा घालायचा.

आता अवघड भाग. माझे पैसे इथेच गेले.

साधारण १ लाख ४० हजारांवर गाडी खरखरायला लागली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून आवाज शोधायची जुनी युक्ती मी केली. अल्टरनेटरवर सगळ्यात मोठा आवाज आला. अल्टरनेटर उतरवला, दुकानातून त्याची दोन्ही बेअरिंगं बदलून आणली, बसवला. खरखर जशीच्या तशी. पुढे दीड महिन्याने खंबाटकीच्या चढावर आयडलर जाम झाली, पट्टा जळून तुटला, बॅटरीचा दिवा लागला आणि तापमानाचा काटा वर चढायला लागला. टो करून गाडी खाली आणली तेव्हा कळलं की आयडलर अल्टरनेटरच्याच ब्रॅकेटवर बोल्ट केलेली होती. आवाज धातूतून पसरतो. स्क्रूड्रायव्हर शेजारच्या घरातलं भांडण तुमच्या घरातलं म्हणून ऐकवतो. शिवाय तो फिरत्या पट्ट्याजवळ धरावा लागतो. ही युक्ती मी तेव्हापासून सोडली.

त्याऐवजी पट्टा काढलेला असताना प्रत्येक पुली हाताने फिरवा, तीही दोन तऱ्हांनी. आधी अगदी सावकाश, एका हाताने. दुसऱ्या हाताची बोटं तिच्या ब्रॅकेटवर टेकवा. चांगलं बेअरिंग घट्ट पाकात चमचा फिरवल्यासारखं फिरतं. वाईट झालेल्यात बारीक वाळू लागते आणि ती कानाआधी बोटांना कळते. मग झटका देऊन सोडा. इथे जवळजवळ सगळे चुकतात, मीही चुकले होते: भिंगरीसारखी गरगरत राहिलेली पुली बघून "मस्त फ्री आहे" म्हणतात. आयडलर किंवा टेन्शनरची पुली झटक्यानंतर फार तर दोनेक फेऱ्यांत थांबायला हवी, कारण आतलं ग्रीस आणि सील तिला धरून ठेवतात. सुरसुर आवाज करत कितीतरी वेळ फिरत राहिली म्हणजे आत ग्रीस उरलेलं नाही. मोकळी पुली ही मेलेली पुली. शेवटी वरखाली धरून हलवून बघा. जाणवण्याइतका खुळखुळाट असेल तर पुढे विचारच करायचा नाही.

बाकीच्या पुल्यांचे स्वभाव वेगळे असतात. अल्टरनेटरमध्ये कार्बन ब्रशचा हलका घासल्यासारखा आवाज येतो, तो ठीक आहे. त्याची पुली एका बाजूला मोकळी फिरत असेल आणि दुसऱ्या बाजूला आतला गाभा सोबत घेत असेल तर ती बिघडलेली नाही, ती तशीच बनवलेली असते. दोन्हीकडे मोकळी फिरली तर गेली. पाण्याचा पंप सीलमुळे थोडा जड लागतो, पण तो अजिबात खुळखुळायला नको. पंपाखाली वाळलेल्या कूलंटचा ओघळ दिसला तर पूर्ण पंप बदला. एसीच्या बाबतीत एक गैरसमज घट्ट बसलाय: "एसी बंद असतानाही आवाज येतो, म्हणजे कॉम्प्रेसर नाही." क्लचवाल्या, म्हणजे एसी लावल्यावरच पुलीशी जोडल्या जाणाऱ्या, कॉम्प्रेसरची पुली एसी बंद असला तरी फिरतच असते. म्हणून तिचं बेअरिंग हाताने बघितल्याशिवाय त्याला सोडू नका.

सगळ्या पुल्या चांगल्या निघाल्या तर तार जोडून, पट्टा न घालता इंजिन फार तर अर्धा मिनिट चालवा. बॅटरीचा दिवा लागेल, लागू दे. जास्त वेळ नको, पाण्याचा पंप थांबलेला असू शकतो. तरीही खरखर येतेय आणि गाडीला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा, कव्हरच्या आतला वेगळा पट्टा) आहे, तर संशय त्याच्या आतल्या पुल्यांवर. तिथे घरी हात घालू नका. तो पट्टा तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात.

बदलणं सोपं आहे. पुली प्लास्टिकची असेल तर आख्खी नवी घ्या, जुन्यातून बेअरिंग उपटायच्या फंदात पडू नका. लोखंडी पुलीत दाबून बसवलेलं बेअरिंग असेल तर त्याच्या कडेवरचा नंबर वाचा. ६२०३ असेल तर आतलं भोक १७, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२ मिलिमीटर. नंबरापुढे २आरएस, म्हणजे दोन्हीकडे रबरी सील असलेलंच मागा. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, आपल्या पावसाळ्यात ते टिकत नाही. पुण्यात नाना पेठेत हे सहज मिळतं, पण डब्यावरचं छापील नाव बघून भुलू नका, नकली माल भरपूर आहे. बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्या. आतल्या कड्यावर हातोडी मारलीत तर तो घाव गोळ्यांमधून जातो, खाचा पडतात आणि नवं बेअरिंग काही हजार किलोमीटरमध्ये गाऊ लागतं. प्रेस नसेल तर लेथवाल्याकडे जा.

बोल्ट सुटत नसेल तर पाइप लावून जोर करण्याआधी थांबा. काही टेन्शनर पुल्यांना उलटे आटे असतात आणि तुम्ही तो आवळत असू शकता.

माझा नियम ऐकून एका गॅरेजवाल्याने "ताई, एवढं कशाला?" विचारलं होतं. नियम असा: एक लाखानंतर पट्टा बदलायचा तेव्हा आयडलर आणि टेन्शनर सोबतच बदलायचे. ते सगळे एकाच दिवशी जन्मलेत, एक गेला की दुसऱ्याचा नंबर जवळच असतो. पट्टा घेताना जुन्यावरचा आकडा जुळवा. ६पीके१२०० म्हणजे सहा रेघा आणि १२०० मिलिमीटर लांबी. हल्लीच्या पट्ट्यांना सहसा चिरा पडत नाहीत, त्यांच्या रेघा झिजून खोलगट होतात. त्यामुळे "चिरा नाहीत, अजून चालेल" या सल्ल्यात अर्थ नाही.

पट्टा चढवल्यावर प्रत्येक रेघ प्रत्येक खाचेत बसलीय ना, हे खालच्या पुलीवरही बोट फिरवून बघा. एक रेघ बाहेर राहिली तर पट्टा संध्याकाळपर्यंत फाटतो.

आणि चाकाच्या कमानीत आतून असतं ते प्लास्टिकचं कव्हर, जे मागच्या सर्व्हिसला कुणीतरी काढून दोनच क्लिपांवर लटकत ठेवलंय, ते पूर्ण बसवा. साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना चिखलाचा फवारा तिथूनच थेट पुल्यांवर येतो. नव्या क्लिपा दहा-वीस रुपयांना मिळतात.