दुकानाची मराठी पाटी व्हिनाईलमध्ये कशी कापावी आणि कशी लावावी

ग्राफिक्सच्या दुकानात नव्याने कामाला लागलेल्या मुलाला प्लॉटर, म्हणजे व्हिनाईल (मागे गोंद असलेली प्लास्टिकची पातळ शीट) ब्लेडने कापणारे यंत्र, शिकवताना बहुतेक ठिकाणी रोमन अक्षरे कापायला देतात, कारण ती सुटी सुटी असतात आणि चटकन जमतात. प्रत्यक्षात मात्र ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, त्याच्या हातून रोज कापली जाणार असते ती मराठी पाटी, आणि शिरोरेषा, वेलांट्या व अनुस्वार यांमुळे तिचे तंत्र वेगळे असते. म्हणून हे मार्गदर्शन मराठी पाटी नजरेसमोर ठेवूनच लिहिले आहे.

आधी जागा पाहावी

गिऱ्हाईक फोनवर “दहा बाय तीनचा बोर्ड” एवढेच सांगते, पण माप स्वतः जाऊन घ्यावे. पाटी काचेवर लागणार, एसीपी शीटवर (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या फलकावर) की रंगवलेल्या पत्र्यावर, तिथे दुपारचे ऊन येते का, वरून पागोळ्या पडतात का आणि वाचणारा किती अंतरावरून पाहणार, हे तिथल्या तिथे वहीत लिहावे. दर १० फूट अंतरामागे १ इंच उंचीचे अक्षर हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. म्हणजे नौपाड्यात गोखले रोडच्या पलीकडच्या बाजूने, समजा ४० फुटांवरून, नाव सहज वाचता यावे असे वाटत असेल तर अक्षर किमान ४ इंचांचे हवे. मराठीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच धरावी, कारण मात्रा व वेलांट्या वर आणि उकार खाली बरीच जागा खातात, आणि हे विसरले की मोठ्या बोर्डावरही नाव बारीक दिसते.

याच वेळी गिऱ्हाइकाला नियमाचीही कल्पना द्यावी. दुकाने व आस्थापनांविषयीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पाटीवर देवनागरीतील मराठी नाव आधी यावे लागते, त्याची अक्षरे इतर कोणत्याही भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत, आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे. मोठे इंग्रजी नाव आणि कोपऱ्यात बारीक मराठी असा आराखडा कोणी आणला, तर ही गोष्ट कापण्याआधीच बोलून घ्यावी.

अक्षरे नीट पारखावीत

व्हॉट्सॲपवर आलेला युनिकोड मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बदलताना जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. ‘वऱ्हाडी’, ‘न्याहारी’, ‘ॲल्युमिनियम’ असे शब्द अक्षर अक्षर लावून वाचावेत. हिंदीसाठी बनवलेल्या काही फॉन्टांत ‘ऱ्ह’ नीट उमटत नाही आणि ‘ल’ व ‘श’ यांची वळणेही मराठी डोळ्याला परकी वाटतात. शेवटचा नमुना कागदावर छापून त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी.

शिरोरेषा जोडून घ्यावी

मराठी कटिंगमधली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. कोरलड्रॉ या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेले ‘नवदुर्गा’ पडद्यावर एकसंध दिसते, पण आत प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा स्वतंत्र असते आणि एकाची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. प्लॉटरला रंग दिसत नाही, त्याला फक्त रेषा कळते. त्यामुळे ‘न’ संपून ‘व’ सुरू होतो तिथे ब्लेड शिरोरेषेला दोन उभे छेद देते, आणि नको असलेले व्हिनाईल सोलताना तो इवलासा तुकडा निघून तरी येतो किंवा वाकडा तरी होतो. पाटी कशीबशी लागली तरी पुढे उन्हाने व्हिनाईल आक्रसते, त्या फटींत धूळ बसते आणि शिरोरेषेवर काळ्या खुणा उमटतात.

हे टाळण्यासाठी मूळ मजकुराची एक प्रत बाजूला जपून ठेवावी, कारण रेषांमध्ये बदललेल्या मजकुरात पुढे दुरुस्ती करता येत नाही. मग मजकूर कंट्रोल-क्यू देऊन कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेषाकृतींत, बदलावा, पूर्ण शब्द निवडून वेल्ड करावा (एकमेकांवर चढलेले आकार एकाच बाह्यरेषेत जोडावेत) आणि वायरफ्रेममध्ये (फक्त बाह्यरेषा दाखवणाऱ्या दृश्यात) मोठा करून शिरोरेषेवरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवावी. मध्ये एकही उभी रेषा दिसता कामा नये. काही फॉन्टांत अक्षरे एकमेकांवर चढलेली नसतात, त्यांच्यात केसाएवढी फट असते. तिथे वेल्डचा उपयोग होत नाही, म्हणून आधी अक्षर किंचित सरकवून मगच वेल्ड करावा लागतो. ‘व’ आणि ‘ब’ यांची पोटे मोकळी राहिली आहेत ना, हेही तेव्हाच पाहावे.

कापणे आणि सोलणे

साध्या व्हिनाईलला ४५ अंशांचे ब्लेड पुरते, जाड मालाला ६० अंशांचे बरे पडते. रोल बदलला की दर वेळी छोटा चौकोन कापून पाहावा: व्हिनाईल पूर्ण सुटले पाहिजे आणि मागच्या कागदावर फक्त पुसटसा ओरखडा दिसला पाहिजे. कागद कापला जात असेल तर ब्लेड आत घ्यावे.

सोलताना कोपऱ्यापासून सुरुवात करून टाकाऊ भाग कागदाला जवळजवळ टेकवून मागे ओढावा, वर उचलू नये. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका मेडिकलच्या काचेवर ‘चिंतामणी’ लावताना अनुस्वार कचऱ्याबरोबर निघून गेला आणि माझ्या ध्यानात आले नाही. संध्याकाळी दुकानदार काकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता, कारण औषधांच्या दुकानावर दिवसभर ‘चितामणी’ अशी पाटी होती. तेव्हापासून मी सोलण्याआधी पाटीतले अनुस्वार मोजून आकडा कागदावर लिहितो आणि ट्रान्सफर टेप (कापलेली अक्षरे एकत्र उचलून पाटीवर नेणारी चिकट टेप) चढवण्यापूर्वी पुन्हा मोजतो. अनुस्वार फार बारीक येत असेल तर आराखड्यातच थोडा मोठा करावा.

माल आणि पावसाळा

सपाट बोर्डाला कॅलेंडर्ड (रुळांखाली दाबून बनवलेले) व्हिनाईल चालते. गाडीच्या वळणांवर मात्र पातळ कास्ट (द्रव ओतून बनवलेले) व्हिनाईलच घ्यावे, नाहीतर खोलगट जागी ते सुटून येते. व्हिनाईल पीव्हीसीचे असते, म्हणून ते ॲक्रिलिक कापायच्या लेझर मशीनवर कधीही ठेवू नये आणि उरलेले तुकडे जाळू नयेत. दोन्हीतून विषारी आम्लयुक्त वायू निघतो.

खाडीकाठच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर मागचा कागद ओल शोषून फुगतो आणि रोलच्या कडा लाटांसारख्या होतात. रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभे ठेवावेत. व्हिनाईलवर छापायचे असेल तर इको-सॉल्व्हंट (सौम्य द्रावकाच्या शाईच्या) छपाईनंतर लॅमिनेशनपूर्वी, म्हणजे वर पारदर्शक थर चढवण्यापूर्वी, किमान २४ तास थांबावे, पावसाळ्यात त्याहून जास्त.

पाटी लावणे

पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा करावा आणि ताज्या रंगावर घाई करू नये. पश्चिमेकडच्या बोर्डाचे काम सकाळी उरकावे, कारण तापलेल्या पत्र्यावर गोंद लगेच धरतो आणि अक्षर सरकवता येत नाही. काचेवर मोठे नाव लावायचे असेल तर लिटरभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून फवारावे. काचेच्या आतून लावायचे नाव मात्र उलटे कापावे लागते. मधोमध चिकटपट्टीने बिजागरी करून आधी एक अर्धा भाग आणि मग दुसरा बसवावा, स्क्वीजी (सपाट दाबपट्टी) मध्यापासून बाहेरच्या दिशेने फिरवावी आणि ट्रान्सफर टेप बोर्डाला समांतर, सावकाश मागे ओढत काढावी.

वर विजेच्या तारा असतील तर ॲल्युमिनियमची शिडी वापरू नये, आणि शिडी धरायला दुसरा माणूस असल्याशिवाय चढू नये. काम झाल्यावर दुकानदाराला २४ तास पाटी धुवू नका असे सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन कडा आणि अनुस्वार अंगठ्याने पुन्हा एकदा दाबून यावेत.